पिल्ले मोकळी सोडा. वाऱ्यावर सोडू नका

नाशिक शहरातील द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकत्र येतात. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याहून येणारा महामार्ग यांचा हा संगम आहे. पुण्याच्या खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून, किंवा त्या बाजूच्या एखाद्या खाजगी उबवणी केंद्रातून निघालेल्या पिल्लांच्या पेट्या पुणे रस्त्याने जिल्ह्यात आल्या, तर सिन्नरची पेटी वाटेतच उतरते आणि उरलेल्यांच्या वाटा द्वारकेस फुटतात. एक पेटी पिंपळगाव बसवंताच्या बाजूस जाते, दुसरी घोटी-इगतपुरीच्या बाजूस. पेटीतील पिल्लू एक दिवसाचे असते. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश त्याच्या पोटात असतो व त्याच्या आधारावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते. म्हणूनच एवढा लांबचा प्रवास त्याला सोसतो. त्याची खरी परीक्षा पेटी घरी पोहोचल्यानंतर सुरू होते. आणि त्या परीक्षेतील सर्वांत अवघड दिवस म्हणजे पिल्लू प्रथमच अंगणात उतरते तो दिवस.

परसातील कोंबडी मोकळी फिरली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मोकळी कोंबडी वाळवी, किडे, सांडलेले धान्य, कोवळा पाला यांवर आपल्या गरजेचा बराच भाग भागविते व विकतच्या खाद्याचा खर्च वाचविते. पेठ-सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यांतील ज्या कुटुंबाजवळ शेती थोडी व रोख पैसा त्याहून थोडा, त्याच्या दृष्टीने हा मोठाच आधार होय. तथापि मोकळे सोडणे निराळे आणि वाऱ्यावर सोडणे निराळे. आज अनेक ठिकाणी दुसरी गोष्ट पहिलीच्या नावाखाली घडत आहे. पिल्ले बाहेर केव्हा सोडावीत, हे पिल्लांच्या तयारीवरून ठरण्याऐवजी घरातील खाद्याची गोणी केव्हा संपते यावरून ठरते. ही पद्धत बदलल्याखेरीज परसातील कुक्कुटपालनावर होणारा खर्च, मग तो शासनाचा असो वा घरच्या गृहिणीचा, पुरता पदरात पडणार नाही.

परसातील कोंबडीचे महत्त्व

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्यादी पक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटींवर भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लक्ष पक्षी परसातील होते; आणि आधीच्या गणनेच्या मानाने परसातील पक्ष्यांची ही संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. मोठमोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांच्या या काळात घराच्या अंगणातील कोंबडी मागे पडेल, अशी समजूत होती. ती या आकड्यांनी खोटी ठरविली आहे. घरची कोंबडी ही बहुधा घरच्या स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता असते. अंडी विकून येणारा पैसा तिच्या हाती राहतो व त्यातून मीठ-मिरची, मुलांची वह्या-पुस्तके, दवाखान्याची वेळ असे खर्च भागतात. अंडे विकले नाही, तर ते घरातील मुलांच्या ताटात पडते.

म्हणूनच पिल्लांची एक तुकडी दगावणे ही किरकोळ बाब समजता कामा नये. ज्या घरात पंचवीस पिल्लांपैकी वीस पिल्ले महिनाभरात गेली, त्या घरातील बाई पुन्हा पिल्ले घेण्यास सहसा धजत नाही. शेजारणी तिचा अनुभव ऐकतात व त्याही मागे सरतात. हानी पिल्लांची दिसते. वस्तुतः ती विश्वासाची असते.

घाई का होते?

लोकांना कळत नाही म्हणून ते पिल्ले लवकर बाहेर सोडतात, असे म्हणण्याची प्रथा आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया या जाती विकसित केल्या. बंगळुरूच्या कृषी विश्वविद्यालयाने गिरिराज ही जात दिली. या रंगीत पिसांच्या सुधारित पिल्लांना पहिले सहा आठवडे ऊब, संतुलित खाद्य व लसीकरण देऊन आत वाढवावे आणि मग परसात सोडावे, अशी शिफारस आहे. या सहा आठवड्यांत एका पिल्लाच्या पोटात सुमारे दीड किलो खाद्य जाते. शंभर पिल्ले असतील, तर दीडशे किलो खाद्य लागेल. ज्या कुटुंबासाठी ही योजना आखली जाते, त्याच्या घरी दीडशे किलो पिल्लांचे खाद्य विकत आणण्याइतका पैसा एकरकमी असतो काय? नसतो. पहिली गोणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संपते आणि मग पिल्ले “आपले आपण खातील” म्हणून दारातून बाहेर जातात. हा निर्णय ओढगस्तीतून आलेला असतो. केवळ उपदेश करून तो बदलणार नाही.

राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात एकदिवसीय शंभर पिल्लांचा गट आणि आठ ते दहा आठवडे वयाच्या तलंगांचा गट असे दोन प्रकार अर्ध्या अनुदानावर दिले गेले आहेत. ज्याच्याजवळ बंदिस्त जागा, वीज व खाद्याला पैसा आहे, त्याला एकदिवसीय पिल्ले परवडतात. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याच्या पदरी शंभर एकदिवसीय पिल्ले घालणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. अशा घरी वीस-पंचवीस पिल्ले पुरेत. त्यांना लागणारे चाळीस किलोच्या आतबाहेरचे खाद्य ते घर कसेबसे उभे करू शकते, आणि तेवढ्या पिल्लांवर घरातील एका माणसाची नजर राहू शकते. संख्या कमी झाली म्हणून लाभ कमी होत नाही. जगलेली वीस पिल्ले मेलेल्या ऐंशींपेक्षा केव्हाही अधिक.

याहून चांगला मार्ग म्हणजे पिल्ले एका ठिकाणी वाढवून मगच घरोघरी देणे. २००९-१० पासून केंद्र शासनाच्या कुक्कुट विकास योजनेत ग्रामीण परसातील कोंबड्यांसाठी हाच विचार स्वीकारण्यात आला. मातृगृहात चार आठवड्यांपर्यंत वाढविलेली पिल्ले कुटुंबांना टप्प्यांनी द्यावीत, असे तीत ठरविले होते. गावातील एखाद्या बचत गटाने असे मातृगृह चालविले, तर ऊब, लस व खाद्य यांची व्यवस्था एकाच छपराखाली होते आणि गटालाही चार पैसे सुटतात. चार आठवड्यांचे पिल्लू महाग पडते, अशी तक्रार होते. एक दिवसाचे पिल्लू स्वस्त पडते खरे. पण दहातील किती जगली हे मोजून किंमत काढली, तर स्वस्त काय व महाग काय याचा उलगडा होईल.

पूर्वी कोठे होती ऊब आणि लस?

अनेक वडीलधारी माणसे विचारतात, “आमच्या आजीच्या कोंबडीची पिल्ले दुसऱ्या दिवसापासून उकिरड्यावर चरत. त्यांना कोठे दिवा होता?” प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर दिले पाहिजे. त्या पिल्लांना दिवा नव्हता, पण आई होती. गार वारा सुटला की ती पंखाखाली घेई. कोणता दाणा टिपावा, हे चोचीने दाखवी. आकाशातील शत्रू दिसला तर ती एक आवाज काढते व जमिनीवरील शत्रू दिसला तर दुसरा, हे कोंबड्यांच्या आवाजांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पहिल्या आवाजासरशी पिल्ले झुडपाखाली दडतात. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून आईची सर्व कामे माणसाने करावयाची असतात. शिवाय आजीच्या कोंबडीची सर्वच पिल्ले मोठी होत, असेही नाही. घारीने, मांजराने, मानमोडीने किती नेली, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, एवढेच.

घरी खुडूक बसलेली देशी कोंबडी असेल, तर तिचा उपयोग अवश्य करून घ्यावा. रात्रीच्या अंधारात दहा-बारा एकदिवसीय पिल्ले हलकेच तिच्या पोटाखाली सरकविली, तर बहुधा ती त्यांना आपलीच मानते. पहिले दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. कोंबडी चोच मारू लागली तर पिल्ले काढून घ्यावीत. सुधारित जातींच्या कोंबड्यांत खुडूक बसण्याची वृत्ती फार कमी असते. यास्तव घरात एक-दोन देशी कोंबड्या राखणे हे दूरदर्शीपणाचे आहे. मात्र अशा पिल्लांनाही लस हवीच. आईचे पंख रोगाला अडवीत नाहीत.

बाहेर सोडण्याच्या चार कसोट्या

पिल्ले अमुक तारखेस सोडावीत असे न सांगता चार कसोट्या लावण्यास शिकविणे अधिक हिताचे आहे. चारही उतरल्या तरच दार उघडावे.

पहिली कसोटी पिसांची. जन्माच्या वेळी पिल्लाच्या अंगावर केवळ लव असते. ती ओली झाली की ऊब राहत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता लागते व पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांच्या हिशेबाने कमी करावयाची असते. उष्णता योग्य आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली दाटीवाटीने चिवचिवत बसली तर थंडी आहे. दूर जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर उष्मा आहे. सर्वत्र पांगून खाऊ-पिऊ लागली तर ठीक आहे. येथे एका नव्या चुकीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. घरोघरी आता एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड देतात, पण ऊब जवळजवळ देत नाहीत. पिल्लांसाठी तारेचा जुना दिवा किंवा ऊब देणारा खास दिवाच पाहिजे. पंचवीस पिल्लांना डालग्याखाली साठ वॉटचा तारेचा दिवा साधारणपणे पुरतो. वीज गेली तर गरम पाण्याने भरलेले मडके गोणपाटात गुंडाळून ठेवावे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्ले गुदमरतात आणि माणसेही. चौथ्या आठवड्यात अंगावर बरीच पिसे येतात, सहाव्यात ती भरतात. पाठ, छाती व मान पिसांनी झाकली गेली आणि रात्री दिव्यावाचून पिल्ले शांत झोपू लागली, म्हणजे ही कसोटी उतरली.

दुसरी कसोटी लसीची. मानमोडी म्हणजेच रानीखेत. या रोगाला आपल्या देशात ज्या गावाचे नाव मिळाले, ते उत्तराखंडातील थंड हवेचे ठिकाण आहे. रोग मात्र कोणत्याही हवेत पसरतो. तो जडल्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची व मानमोडीची टोचणी, असा सामान्य क्रम आहे. स्थानिक पशुवैद्य त्यात परिस्थितीप्रमाणे बदल सांगतील. लस दिली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. त्यास आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणून चौथ्या आठवड्यातील लस चुकली असेल, तर पिल्लू कितीही टपोरे दिसले तरी ते बाहेरच्या कोंबड्यांत मिसळू देऊ नये. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती एकदा विरघळविली की तास-दोन तासांत वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी कुपी कोण फोडणार? हे कोडे एका घराला सुटणारे नाही, गावाला सहज सुटते. महिन्यातील एक सकाळ लसीचा दिवस म्हणून ठरवावी, बर्फाच्या पेटीतून लस आणावी आणि वाडीतील सर्व घरांची पिल्ले एकाच वेळी उरकावीत.

तिसरी कसोटी हवेची. अंगणात दव असेल, चिखल असेल किंवा ढगाळ गार वारा असेल, तर त्या दिवशी दार बंद राहावे. ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीचे बीज फोफावते व तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तिचा सर्वांत अधिक धोका असतो. विष्ठेत रक्त दिसताच, पंख गाळून बसलेले पिल्लू वेगळे काढून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा आणि खुराड्यातील गादीचे ओले तूस त्वरित बदलावे.

चौथी कसोटी खुराड्याच्या ओढीची. हिचा विसर सर्वांत अधिक पडतो. नव्या खुराड्यात पिल्ले ठेवल्यावर तीन-चार दिवस त्यांना तेथेच खाऊ-पिऊ घालावे. प्रत्येक वेळी खाद्य देताना एकच हाक द्यावी किंवा एकच डबा वाजवावा. त्यानंतर पहिल्या दिवशी, सूर्यास्तास तास-दीड तास उरला असता व संध्याकाळचे खाद्य द्यावयाचे असता, दार उघडावे. पोटात थोडी भूक असल्याने ती दूर जात नाहीत आणि डबा वाजताच परततात. चार-सहा दिवस असे केल्यावर दव वाळल्यानंतर सकाळी सोडावयास हरकत नाही. संध्याकाळी मूठभर दाणा खुराड्याच्या आतच टाकावा. ज्या पिल्लाला घर ठाऊक नाही, ते रात्री झुडपात बसते. आणि सकाळी त्याची पिसे तेवढी सापडतात.

चौथ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंतचे दिवस हे संक्रमणाचे. या काळात ऊन असेल तेव्हा तास-दोन तास जाळीच्या छोट्या आवारात किंवा मोठ्या डालग्याखाली पिल्ले ठेवावीत आणि आवाराची जागा रोज बदलावी. मातीची, किड्यांची, गवताची ओळख त्यांना तेथेच होते. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

एक जिल्हा, तीन हवा

द्वारकेपासून मुंबईच्या दिशेस इगतपुरी, पुण्याच्या दिशेस सिन्नर आणि पूर्वेस निफाड. तिन्ही ठिकाणे मोटारीने तास-दीड तासाच्या आत. पण इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर सिन्नरचा बराचसा भाग पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून असतो. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या हिवाळ्यात वारंवार येतात. असे असताना जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांत एकाच आठवड्यात पिल्ले वाटणे व सर्वांना एकच सूचना देणे शहाणपणाचे नाही.

इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पावसाळी पट्ट्यात मे महिन्यात पिल्ले आणली, तर सहा आठवडे पुरे होताच ती ऐन पावसात बाहेर पडतात. तेथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पिल्ले घ्यावीत. ती नोव्हेंबराच्या कोरड्या उन्हात अंगणात उतरतात. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात हीच तुकडी कडाक्याच्या थंडीपूर्वी पुरती पिसाळलेली असावी, म्हणून उशीर करू नये. डिसेंबरात पिल्ले आणून तेथे ऊब पुरविणे खर्चाचे पडते. सिन्नर-येवल्याच्या कोरड्या भागात जानेवारीअखेरची तुकडीही साधते. ती मार्चच्या मध्यास बाहेर पडते. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी तिला सावली व गार पाणी हवे. प्रत्येक तालुक्याने आपापले वेळापत्रक आखावे, हेच इष्ट.

वरचे, खालचे आणि न दिसणारे शत्रू

घार, शिक्रा व कावळा हे वरचे शत्रू. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत घारीच्या घरट्यात तिची स्वतःची पिल्ले असतात व तिला भक्ष्याची निकड असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले सोडणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात खेड्यांतून व्हाइट लेगहॉर्न या पांढऱ्या जातीचा प्रसार करण्यात आला. अंड्यांच्या बाबतीत ती उत्तम. परंतु पांढरे पीस मातीच्या अंगणात दुरूनही नजरेत भरते. वनराजा व गिरिराज यांची रंगीत पिसे पाल्यापाचोळ्यात मिसळून जातात, हा त्यांचा एक गुणच होय. तरीही अंगण उघडेबोडके असेल, तर रंगाचा उपयोग थोडा. बोरी-बाभळीच्या फांद्यांचे ढीग, करवंदीचे कुंपण, एरंडाची चार झाडे, टेकून ठेवलेला जुना तट्ट्या, असे दडण्यास आडोसे दर दहा-पंधरा पावलांवर असावेत.

मुंगूस, मांजर, कुत्रे, घूस व साप हे खालचे शत्रू. खुराडे जमिनीपासून दीड-दोन हात उंच खांबांवर असावे किंवा त्याचा पाया दगडी असावा. जाळी अर्ध्या इंचाची असावी. मोठ्या घरांच्या जाळीतून साप सहज शिरतो. दिवेलागणीस दार लावणे आणि पिल्ले मोजणे ही दोन कामे घरातील एका ठराविक व्यक्तीकडे असावीत. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

न दिसणारा शत्रू विषाचा. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर वरचेवर फवारणी होते. फवाऱ्याने मेलेला वा अर्धमेला किडा पिल्लू आवडीने टिपते. थायरम चोळलेले बियाणे कोंबड्यांना अपायकारक असून त्याने वाढत्या पिल्लांचे पाय वाकडे होतात. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष तर प्राणघातकच. पेरणीच्या वेळी सांडलेले प्रक्रियायुक्त बियाणे गोळा करून पुरावे. शेजारच्या बागेत फवारणी कोणत्या दिवशी आहे, हे आधी कळावे एवढा शेजारधर्म गावाने पाळावा, आणि त्या दिवशी व पुढील काही दिवस पिल्ले बंद ठेवावीत.

मग बंदिस्तच का नको?

एवढे धोके असतील, तर कोंबड्या मुळीच बाहेर सोडू नयेत, असे मत मांडणारेही आहेत. बर्ड फ्लूचा दाखला ते देतात. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला आणि परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यांत व्यापारी शाळांतील कोंबड्या होत्या, तशाच घरोघरच्याही. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आढळला. धोका खरा आहे. परंतु बंदिस्त शाळाही त्यातून सुटल्या नाहीत, हे नवापूरनेच दाखविले. गरीब घराला कोंबडी बंदिस्त ठेवून विकतच्या खाद्यावर पोसणे परवडत नाही. बंदिस्तच ठेवा असे सांगणे म्हणजे कोंबड्या पाळू नका असे सांगण्यासारखे आहे. म्हणून मधला मार्ग हवा. कोंबड्या आपल्या कुंपणाच्या आत फिराव्यात. त्यांचे दाणापाणी छपराखाली असावे, म्हणजे रानपक्षी त्यात चोच घालीत नाहीत. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ क्षेत्र रामसर यादीत आले आहे. तेथे हिवाळ्यात दूरदूरचे पाणपक्षी उतरतात, याचा सर्वांना अभिमान आहे. पण त्या काठच्या गावांनी आपल्या कोंबड्या पाण्याच्या कडेला चरू देऊ नयेत. गावात कोंबड्या एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्या, तर मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता व बाजारात न नेता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

कोणता आकडा मोजावा?

शेवटी प्रश्न मोजमापाचा आहे. वर्षअखेरीस किती पिल्ले वाटली, हा आकडा अहवालात लिहिला जातो. तो सोपा आहे, परंतु त्यातून काहीच कळत नाही. आठ आठवड्यांनी किती पिल्ले जिवंत होती, हा आकडा विचारला जाऊ लागला, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील. पिल्ले देण्यापूर्वी खुराडे पाहिले जाईल. खाद्याची सोय विचारली जाईल. ज्या घरी सोय नाही त्याला शंभर एकदिवसीय पिल्लांऐवजी पंचवीस वाढविलेली पिल्ले दिली जातील. लसीचा दिवस चुकणार नाही, कारण तो चुकला की आकडा घसरेल.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने यासाठी एक साधा तक्ता प्रत्येक घरी भिंतीवर लावावा. त्यात चार रकाने पुरेत: आलेली पिल्ले, दोन आठवड्यांनी राहिलेली, सहा आठवड्यांनी राहिलेली, आठ आठवड्यांनी राहिलेली. शेजारी मृत्यूचे कारण एका शब्दात: थंडी, हगवण, घार, मांजर, विष, ठाऊक नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्ले गेली असतील तर दोष बहुधा उबेचा. तिसऱ्या ते सहाव्यात गेली तर ओलीचा किंवा लसीचा. सहाव्यानंतर गेली तर खुराड्याचा वा आडोशाचा. वर्षभराचे असे तक्ते एकत्र वाचले, तर कोणत्या वाडीस जाळी हवी, कोणत्या वाडीस लस हवी व कोठे पिल्ले मुळी दुसऱ्या महिन्यातच द्यावयास हवी होती, हे तालुक्याच्या ठिकाणी बसून सांगता येईल. हा तक्ता भरणाऱ्या गृहिणीस त्याचा लाभ सर्वांत आधी होईल. कारण पुढच्या तुकडीला दार केव्हा उघडावयाचे, हे तिला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.